रामबाईंच्या बांधीतले सारस

२१ जुलै २०१२
हाकलून दिलं! सारसांवर फिल्म करायची म्हणून तीन महिने गोंदियाभोवतीची शेतं पालथी घालतेय. आज बिरसीजवळ धानाच्या बांधीत घरटं सापडलं, तर मालकीणबाईंनी धुऱ्यावरच, म्हणजे शेताच्या बांधावरच, अडवलं. रामबाई. साठीच्या, हातात विळा.
"काऊन वो? थे अंड्यावर बसून राहिली ना! तुह्या बाळंतपणात कोनी कॅमेरा घेऊन आला त चालंन का तुले?"
कॅमेरा बॅगेत टाकला.

२३ जुलै
कॅमेरा बॅगेतच. धुऱ्यावर नुसती बसले. घरट्याभोवती खोलीएवढी जागा सोडून रोवणी केलीय. "तेवढी जागा त्याईची," म्हणाल्या. डोक्यावरून बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान गेलं. मादीनं मानही वळवली नाही. रामबाईंनी मात्र विमानाला शिवी हासडली.

८ ऑगस्ट
दोन दिवस मुसळधार. पाणी घरट्याला टेकलं. रामबाईंनी मला एक फावडं दिलं, दुसऱ्यानं स्वतःच धुरा फोडायला लागल्या. खालची बांधी दिराची, झामसिंगची. तो धावत आला —
"वयनी, माही रोवणी वाहून जाईन!"
"रोवणी पुन्हा होते. अंडे होत नाही."
झामसिंग घरट्याकडे बघत उभा राहिला. मादी अर्धी भिजलेली, पण हलत नव्हती. मग त्यानं माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि स्वतःचाही धुरा फोडला. पाणी नाल्याला लागलं. वीतभर उतरलं. वाचली अंडी!
एकही शॉट घेतला नाही. वाईट वाटत नाही. नाही — थोडं वाटतं.

१९ ऑगस्ट
पिल्लू!! एकच. दुसरं अंडं फुटलं नाही. "लांबून काढ, लवकर आटप," रामबाईंची परवानगी. तांबूस कापसाचा गोळा, आईमागे पाण्यातून धडपडत चाललेला. अठरा मिनिटं मिळाली. मग कॅमेरा रामबाईंकडे वळवला, तर त्यांनी पदर तोंडावर ओढला. डोळे पुसत होत्या. ही बाई एकटीच एक जंगल राखते आणि आपण काही मोठं करतोय असं तिला वाटतही नाही!

११ सप्टेंबर
नागपूर. एडिटिंग सुरू. आनंदाची फिल्म होतेय.

१४ ऑक्टोबर
सकाळी रामबाईंचा फोन. मादी विजेच्या तारेवर आदळून मेली. नर पहाटेपासून तिच्याजवळ उभा आहे, पिल्लू त्याच्या पायाशी. मी फोनवरच रडायला लागले.
"रडू नोको पोरी. कॅमेरा घेऊन ये. आता जवळून काढ. साऱ्याईले दिसू दे."