निबंधाखालचं पूर्ण नाव

गुरुजी, उद्या मला आमच्या भागातल्या शाळांच्या चाळीसेक शिक्षकांसमोर बोलायला उभं राहायचं आहे. विषय आहे शाळेचा ब्लॉग आणि इंटरनेटवर लहान मुलांची सुरक्षितता. ब्लॉग म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायचं तर तुमचं भित्तिपत्रकच, फक्त त्याची भिंत कुठूनही वाचता येते आणि वाचून कोण गेलं ते कळत नाही. भाषणाचे मुद्दे काढायला म्हणून कागद घेतला आणि पहिल्या ओळीत तुम्हालाच हाक मारली.

तुम्ही शाळेच्या ओट्यावरच्या भिंतीला खळ लावून आमचे कागद चिकटवायचात. मी चौथीत. 'आमचे शेजारी' या विषयावर मी लिहिलं होतं, की शेजारच्या काकू माहेरी गेल्यात, काका दिवसभर मळ्यात असतात आणि घराची किल्ली गोठ्यातल्या गव्हाणीत ठेवतात. तुम्ही वाचता वाचता थांबता, कागद अलगद सोडवून घेता आणि सगळ्यांदेखत म्हणता, "आरं शहाण्या, किल्ली कुठं ते गावाला सांगतोस व्हय? आता चोरांना अक्षताच वाटून ये!" वर्ग हसून लोळतो. मी रडतो. दुपारच्या सुट्टीत तुम्ही मला तुमच्या खोलीवर नेलंत. स्टोव्हवर पिठलं रटरटत होतं, खोलीभर रॉकेलचा वास. माझ्या ताटात भाकरी मोडून देत तुम्ही म्हणालात, "लिहू नको असं नाही म्हणत मी. पण ज्यांचं घर, त्यांना विचारलं होतंस का?" मी नाही म्हणून मान हलवली. निघताना एक कोरी वही दिलीत. "ह्यात काय वाटंल ते लिही. भिंतीवर लावायच्या आधी मात्र विचार."

मी शिक्षक झालो तेव्हा तुम्ही नव्हतात. चांदवडच्या अलीकडची आमची शाळा दोन शिक्षकी आहे. एक बाई आणि मी. काही वर्षांपूर्वी मी शाळेचा ब्लॉग सुरू केला. मुलांचे निबंध, चित्रं, सहलीचे फोटो. नाशिकला बोलावून 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणून शाल-नारळ दिला. पालक शेतातून मोबाइलवर लेकराचं लिखाण बघायचे आणि संध्याकाळी म्हणायचे, "सर, आमचं नाव पार अमेरिकेत गेलं का हो?" प्रत्येक निबंधाखाली मी आपल्या रिवाजाप्रमाणे लिहायचो: मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता, वस्ती, गाव. प्रमाणपत्रावर लिहितात तसं. पूर्ण नावाशिवाय लेकराचा मान अर्धवट राहतो, असं मला वाटायचं.

तिसरीतली ती मुलगी वर्षाच्या मध्येच आली. आई कांद्याच्या खळ्यावर निवडीच्या कामाला जायची. नाव घालताना म्हणाली, "दाखला मागून आणते सर. आन् एक, हिचा फोटो-बिटो नका काढू मोबाइलमधी." मला वाटलं, दृष्ट लागेल म्हणून म्हणत असेल. मी फोटो काढला नाही. शब्द पाळला, असं मनाशी म्हणालोही. मग पोरीनं 'माझे घर' हा निबंध लिहिला. 'आमचे घर डाळिंबाच्या बागेपुढे आहे. आई दिवस मावळता येते. मी चार वाजता एकटी घरी येते आणि कडी लावते.' मी तिच्या वेलांट्या दुरुस्त केल्या, तिसरीच्या मानानं वाक्यं सुटसुटीत आहेत म्हणून कौतुक केलं आणि खाली पूर्ण नाव टाकलं. तिच्या नावाच्या मधोमध तिच्या बापाचं नाव होतं, जसं आपल्या सगळ्यांच्या असतं.

त्या दोघी त्याच्या माराला भिऊन पळून आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. "सर, त्यो दारात बसून सांगत व्हता ना, मोबाइलमधी गंमत म्हणून माझंच नाव टाकलं, तर पोरगी निघाली. हसत व्हता मेला." तो वस्तीवर आला त्या दिवशी पोरगी तापानं घरीच होती आणि आई तिच्यापाशी. त्याला येताना पाहून आईनं पोरीला काखेत घेतलं आणि मागच्या बागेतून रस्ता गाठला. चुलीवर भात तसाच. "कुठल्या तरी टेम्पोला हात केला जणू," शेजारीण म्हणाली. तो बराच वेळ बसून राहिला. मग उठला आणि गाडी काढून त्याच दिशेनं गेला.

पुढचं कुणालाच माहीत नाही. मी निबंध काढून टाकला, नंतर सगळा ब्लॉगच बंद केला. मूल दुसऱ्या शाळेत गेलं की ती शाळा आमच्याकडे संगणकावर त्याची नोंद मागते. रोज सकाळी शाळा उघडली की मी आधी ते पाहतो. अजून कुणी तिची नोंद मागितलेली नाही. मग मनाला सांगतो, भीतीनं आईनं दुसऱ्याच नावानं घातलं असेल शाळेत. एकदा न राहवून मी तिचं पूर्ण नाव मोबाइलमध्ये टाकून शोधलं. शोधाचं बटण दाबलं. असाच बसला असेल तो, असाच अंगठा ठेवून. चार वाजता मुलं सुटतात, फाटकातून पांगतात, आणि डाळिंबाच्या बागेकडे वळणाऱ्या पायवाटेवर कुणी नसलं तरी मी शेवटचं मूल दिसेनासं होईपर्यंत तिकडेच बघत राहतो.

उद्या मी सांगेन: आडनाव नको, वडिलांचं नाव नको, गाव-वस्ती नको, चेहरा नको. लिखाण वेलांट्यांसाठी वाचण्याआधी एकदा अनोळखी माणसाच्या डोळ्यांनी वाचा. आईबापांना विचारा, आणि आई नको म्हणाली तर का म्हणाली तेही विचारा. कुणीतरी म्हणेल, "सर, एवढं कुठं सुचलं तुम्हाला?" मी म्हणेन, प्रशिक्षणात.

रोज सकाळी वंदनेला बसतो, पंचशील म्हणतो. खोटं बोलणार नाही, या चौथ्या शीलाशी आवाज बसतो माझा. घरची म्हणते, "घसा दाखवा एकदा डाक्टरला."

गुरुजी, इथवर तुम्हालाही मी तेच सांगितलं जे बाईंना सांगितलं, पोलीस पाटलांना सांगितलं. ब्लॉगवरून तो वस्तीवर पोचला, एवढंच. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. तो आधी शाळेत आला होता. बाई त्या दिवशी रजेवर होत्या. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाला, "सर, तुमचा ब्लॉग वाचून एवढ्या लांबून आलो." माझा ब्लॉग वाचून पहिल्यांदाच कुणी भेटायला आलं होतं. मी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला. मग त्यानं विचारलं, "ते डाळिंबाच्या बागेपुढचं घर कोणतं हो?" मी त्याच्यासोबत फाटकापर्यंत गेलो आणि हात लांब करून दाखवलं.