मला खाली प्रोमाया लागली

४ नोव्हेंबर, सकाळ
नवी वही. निश्चय: रोज लिहायचं, खरं लिहायचं, थोडक्यात लिहायचं. महिना महत्त्वाचा आहे. एकवीस तारखेला घरी स्लावा, आमच्या घराण्याच्या संताचा दिवस. सगळे नातेवाईक जमतील आणि मी, तिहोमिर, खिडक्या-दारांचा व्यापारी, वय सत्तेचाळीस, पहिलं लग्न मोडलेलं, सगळ्यांसमोर सांगणार की वेरिका आणि मी लग्न करतोय. वेरिकाचा होकार आहे. आईचाही आहे, म्हणजे निदान ती नाही म्हणालेली नाही.
कंबर जरा दुखतेय. गादी बदलावी लागेल.

५ नोव्हेंबर
खाली मुंग्या येतायत. म्हणजे पार खाली. जळजळ. अंगात कणकण.
कारण लगेच सापडलं. काल शाळेतल्या कामावर समोरासमोरच्या दोन चौकटी उघड्या होत्या आणि मी बरोबर मध्ये शिडीवर उभा. प्रोमाया! गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगतो: दोन उघड्या खिडक्या, मधून वाहता वारा आणि वाटेत माणूस, की लागलीच प्रोमाया. मान धरते, दाढ ठणकते, तोंड वाकडं होतं. हे आमच्या चाचाक गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ती खालीही लागते हे मात्र मला आजच कळलं. धंद्याच्या दृष्टीने माहिती उपयोगी. जाहिरातीत कशी घालावी याचा विचार करतोय.

६ नोव्हेंबर
फोड. बारीक, पाण्याने भरलेले, घोळक्याने आलेले. जांघेत गाठ. लघवीला गेलो की डोळ्यांतून पाणी येतं. निश्चय: पाणी पिणं कमी करायचं.
डॉक्टरकडे जाणार नाही. दवाखान्यातली नर्स चर्चमध्ये आईच्या शेजारी बसते.

७ नोव्हेंबर
आईने विचारलंच, असा फेंगडा का चालतोस. म्हटलं, प्रोमाया लागली. कुठे? म्हटलं, खाली. आई एकदम गंभीर झाली. म्हणाली, तुझ्या बापालाही लागली होती, फुटबॉलच्या मैदानात थंड सिमेंटवर बसून. मग अनुभवी आवाजात म्हणाली, राकिया दारूत भिजवलेला बोळा ठेव, घरची आलुबुखाऱ्याची घे, दुकानातली नको.
ठेवला.
पुढचं लिहीत नाही. शेजारच्या बाईंनी भिंतीवर ठोकून विचारलं, कोण गेलं?

८ नोव्हेंबर
फोड फुटले. आता नुसते व्रण. राकियाने गुण आला असं आई म्हणते. मला तसं वाटत नाही, पण उरलेली राकिया पिऊन टाकली. त्याने थोडा गुण आला.

९ नोव्हेंबर
वेरिका आली होती. हातात भाजलेल्या मिरच्यांच्या आयवारची बरणी. मी उंबऱ्यातच आडवा उभा राहिलो. म्हटलं, स्टॉक मोजणं चालू आहे, घरी फार पसारा आहे. तिने विचारलं, दुकानाचा स्टॉक घरी मोजतोस? म्हटलं, या वर्षी तसंच चाललंय. ती बरणी देऊन निघाली. जिन्यात वळून म्हणाली, तिहो, काही झालं असेल तर सांग, मला सांगायला हरकत नाही.
बिचारी. तिला काय कळणार? पण बाई लाखात एक आहे. मे महिन्यात पहिल्यांदा तिच्या घरी जेवलो तेव्हाचं आठवलं. जेवण झाल्यावर फार गंभीर चेहरा करून म्हणाली होती, मला आधीच्या लग्नापासून ते काहीतरी आहे, कधीमधी उठतं, थंडीत जास्त, जिवाला धोका नाही, पण तुला माहीत असायला हवं, मग तू ठरव. मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. तिच्या पाठीमागची खिडकी मी आल्यापासून पाहत होतो. चौकट फुगलेली, रबर गेलेलं, मेणबत्तीची ज्योत हलत होती. तिचा हात धरला आणि म्हटलं, वेरिका, मला चालेल. पुढच्याच आठवड्यात बेडरूमला दुहेरी काचेची खिडकी बसवून दिली, दहा वर्षांच्या गॅरंटीसकट. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाली, असा माणूस मला आजवर भेटला नाही.
भेटणार कुठून? या गावात दुहेरी काच माझ्याकडेच मिळते.

१२ नोव्हेंबर
अजून झोंबतंय. निश्चय मोडला. डॉक्टरकडे गेलो, पण मागच्या दाराने. मागच्या दाराशी नर्स सिगारेट ओढत उभी.
डॉक्टर म्हणजे माझ्या वर्गमित्राची मुलगी, नेवेना. लहानपणी माझ्या दुकानाच्या काचेवर तिने चेंडू मारला होता. तिने पाहिलं, व्रणावरून कापसाची काडी फिरवली, म्हणाली, तिहोमिरकाका, तपासणीचा रिपोर्ट येईल, पण हे हर्पीसच दिसतंय, जननेंद्रियांचं. विषाणू आहे. कायमचा जात नाही, नसांत झोपून राहतो, अधूनमधून उठतो. पहिली खेप सगळ्यात वाईट, पुढच्या सहसा सौम्य. गोळ्यांनी लवकर आटोक्यात येईल. पुष्कळांना असतो, बहुतेकांना आपल्याला आहे हे माहीतही नसतं.
मी शांतपणे विचारलं, प्रोमायाने होतं का?
नाही म्हणाली.
थंड सिमेंटवर बसून?
नाही. त्वचेला त्वचा लागून होतं. फोड नसतानाही एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. निरोध वापरत होतात का?
म्हटलं, आम्ही काही कॉलेजातली पोरं नाही.
ती म्हणाली, ते दिसतंयच.
मग मी शेवटचा मुद्दा टाकला: थंडीचा याच्याशी काहीच संबंध नाही? ती म्हणाली, असलेला विषाणू दगदगीने, आजारपणाने, कधी थंडीने उठू शकतो, पण... पुढचं ऐकायची गरज नव्हती. म्हणजे मान्य केलंच. तिची खिडकी उघडी होती. बंद करून आलो.

१३ नोव्हेंबर
गोळ्या चालू. आईला सांगितलं, प्रोमायाच्या गोळ्या. आई म्हणाली, बघ, विज्ञानही आता तिथवर पोचलं.

१५ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. हर्पीस. झोप नाही. एक विचार डोक्यातून जात नाही. त्वचेला त्वचा. माझी त्वचा मेपासून एकाच त्वचेला लागलीय. म्हणजे वेरिका. आणि वेरिकाला कोणी दिलं?
गावरिलो. चर्चच्या गायनवृंदात तिच्या शेजारी उभा राहतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्या ओठावर फोड होता, मी स्वतः पाहिलाय. माणूस उगाच एवढा उंच स्वर लावत नाही.

१६ नोव्हेंबर
ठरलं. तिला माफ करणार. मोठ्या मनाने, आवाज न चढवता. स्लावाच्या दिवशी, पाहुणे जेवत असताना, स्वयंपाकघरात. भाषण तयार केलंय: "वेरिका, मला सगळं माहीत आहे." इथे थांबायचं. तिला रडू द्यायचं. मग रुमाल द्यायचा.
रुमाल इस्त्री करायला दिला.

२० नोव्हेंबर
व्रण बरे झाले. सरळ चालतोय. आईने सार्मासाठी, खिमा गुंडाळायला, कोबीची शंभर पानं उलगडली. उद्याचा दिवस माझा.

२१ नोव्हेंबर, रात्री
थोडक्यात लिहितो.
स्लावाची मेणबत्ती पेटली, पाहुणे आले, प्रत्येकाने चमचाभर गोड गहू खाल्ला. वेरिका निळ्या ड्रेसमध्ये. आईने तिला सगळ्यांच्या मधोमध बसवलं आणि मग कौतुकाने सांगितलं, माझ्या तिहोला या महिन्यात प्रोमाया लागली होती, खाली, फोड येईपर्यंत, पण बघा कसा उठून बसला. टेबलभर उपाय सुरू झाले. मामा म्हणाला, लोकरी चड्डी. काकू म्हणाली, डुकराची चरबी. वेरिकाने काटा खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.
मी मागोमाग. घाम फुटला होता म्हणून तिथली खिडकी उघडली. म्हटलं, वेरिका, मला सगळं माहीत आहे. थांबलो.
ती रडली नाही. म्हणाली, घोळक्याने फोड, जांघेत गाठ, लघवीला आग? म्हटलं, गावरिलोने तुला... ती म्हणाली, गावरिलोचा काय संबंध? तिहो, मी तुला मे महिन्यात सांगितलं होतं. हर्पीस. नाव घेऊन सांगितलं. निरोधचं पाकीट टेबलावर काढून ठेवलं होतं. तू माझा हात धरून म्हणालास, मला चालेल.
मी म्हटलं, मी खिडकीबद्दल बोलत होतो.
ती म्हणाली, त्या रात्री तू गेल्यावर मी आनंदाने रडले, माहीत आहे? वाटलं, एवढं ऐकूनही हा म्हणतो चालेल. आणि तू रबर बघत होतास.
रुमाल माझ्या खिशातच राहिला.
तिने बाहेर येऊन आईला सांगितलं, सार्मा छान झाला होता. कोट घातला, पुढचं दार उघडलं. स्वयंपाकघरातली खिडकी मी उघडीच ठेवली होती. घरातून आरपार वारा गेला. सगळ्यांनी माना धरल्या. मेणबत्ती विझली.
आई अजून देवाची क्षमा मागतेय.

२२ नोव्हेंबर
फोन केला. तिने उचलला. म्हणाली, गोळ्यांचा कोर्स पुरा कर, पाणी भरपूर पी, घाबरू नकोस, पुढच्या वेळी इतकं होत नाही. चांगल्या आवाजात म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं. विचारलं, आणि लग्न? ती म्हणाली, हर्पीसबरोबर मी अकरा वर्षं राहतेय, त्याचं काही नाही. न ऐकणाऱ्याबरोबर एक लग्न करून झालंय.
मी म्हटलं, आता ऐकेन. ती म्हणाली, मग काय म्हटलं मी आत्ता? मी म्हटलं, पाणी भरपूर प्यायचं. तिने फोन ठेवला.

२३ नोव्हेंबर
दुकान बंद. आई चर्चला गेल्यावर पुढची आणि मागची खिडकी सताड उघडली आणि मधोमध खुर्ची टाकून बसलो, नुसत्या चड्डीवर. बाहेर बर्फ पडत होतं. वारा चांगलाच होता.
दुपारपर्यंत बसलो. साधी शिंकसुद्धा आली नाही.