तामलवाडी ते सोलापूर : पन्नास मिनिटं

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

तामलवाडी,
८ जुलै २०२४

चि. रंजनीस,

अप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तीन आठवडे झाले, तू फोन उचलत नाहीस. पत्र तरी फोडशील म्हणून दुकानातल्या वहीचं पान फाडून लिहितो आहे.

गाडी विकल्याचं शेजारच्या बसप्पानं तुला सांगितलं. मीच सांगायला हवं होतं, चुकलं. आता सगळंच सांगून टाकतो. माझी क्रूझर मोटारसायकल गेली आणि तिच्या जागी स्पोर्ट बाइक आली. निळी आहे. तुझा बाप बावन्नाव्या वर्षी टाकीवर पालथा पडून बियाण्यांचं दुकान उघडायला जातो आणि चौकातली मंडळी तोंडावर हात ठेवून हसतात.

एकवीस वर्षं दोन क्रूझर चालवल्या, आरामखुर्चीत बसल्यासारखा. पाय पुढं, छाती वर. हिच्यावर पाय मागं दुमडायचे, कंबर वाकवायची आणि अंगाचा भार मनगटांवर. पहिल्याच दिवशी बसप्पाची म्हैस आडवी आली. ब्रेक दाबायला सवयीनं पाय पुढं टाकला, तर तिथं काहीच नाही! हाताचा ब्रेक आवळला तेव्हा म्हशीच्या शिंगांपाशी थांबलो. म्हैस जागची हलली नाही, मीच हललो. आरशात रस्ता कमी आणि माझी कोपरं जास्त दिसतात. भार मनगटांवर न टाकता गुडघ्यांनी टाकी धरायची असते, हे पंधरा दिवसांनी कळलं. आता भाकरी मोडताना हात दुखत नाही.

नागपंचमीला येशील ना? तुझ्या आईवाचूनची, तुझ्या अव्वाशिवायची, पहिली पंचमी आहे. लाह्या मी आणून ठेवीन. माझा लोभ आहेच, तुझा फोन उचलण्यापुरता तरी असावा.

तुझा,
अप्पा

---

नर्सिंग वसतिगृह, लातूर,
१४ जुलै २०२४

ती. अप्पांना,

रंजनीचा शि. सा. न. वि. वि. पत्र मिळालं. म्हशीपाशी हसू आलं आणि हसले म्हणून स्वतःचाच राग आला.

साठी बुद्धी नाठी असं ऐकलं होतं. तुम्ही आठ वर्षं आधीच गाठलीत. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर त्या गाडीचं काय करणार आहात? अप्पा, त्या क्रूझरवर मागं अव्वा बसायची. सोनारीच्या यात्रेला दरवर्षी त्याच गाडीवर गेलात तुम्ही दोघं. ती तुमच्या खांद्यावर हात ठेवायची आणि मग तुम्ही गिअर टाकायचात. मी सुट्टीत येऊन त्या सीटवर नुसतं डोकं टेकवणार होते. ती गाडी अव्वाच्या माघारी दोन महिन्यांच्या आत तुम्ही ईट गावच्या कोणा वीरप्पाला देऊन टाकलीत. मला विचारलंसुद्धा नाही.

बसप्पाकाका आणखी एक सांगत होते. तुम्ही रोज सकाळी त्या गाडीवरून सुसाट सोलापूरला जाता, अव्वाला नेलं होतं त्या दवाखान्याच्या फाटकाशी घड्याळ बघता आणि तसेच परत फिरता. हे काय चालवलंय? मला आता एकच माणूस उरलंय, आणि तेही पालथं पडून हायवेवर पळतंय.

वीरप्पाकडून गाडी परत आणा. नाहीतर पंचमीला मी येणार नाही. लोभ होता तेवढाच आहे, राग मात्र वाढला आहे.

तुमची,
रंजनी

---

तामलवाडी,
२० जुलै २०२४

चि. रंजनीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुला एक खोटं सांगितलं होतं. दवाखान्यात भरती केल्यावर दोन तासांनी आई गेली, असं मी म्हणालो होतो. तसं झालं नाही.

त्या सकाळी तिच्या छातीत जळजळत होतं. बसप्पा जीप काढतो म्हणाला, तर ती नको म्हणाली, आपल्या गाडीवरच जाऊ. चक्कर येत होती म्हणून उपरणं दोघांच्या कमरेला बांधलं. निघताना म्हणाली, हळू चला, लई घाई न्हाय. मी हळू चालवली. निम्मी वाट गेल्यावर तिचं डोकं माझ्या पाठीला टेकलं. मला वाटलं, डोळा लागला. रात्रभर झोपली नव्हती बिचारी. झोपमोड नको म्हणून मी आणखी हळू केली, रंजनी. खड्डे चुकवत, गतिरोधकावर जपून. दवाखान्यात डॉक्टर तिला तपासून म्हणाले, जाऊन पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, थोडं आधी आणायला हवं होतं. ती मेलेली पाठीवर घेऊन मी खड्डे चुकवत होतो.

त्या दिवशी पन्नास मिनिटं लागली. ती क्रूझर नंतर सुरू केली की पाठीला ते वजन लागायचं. म्हणून विकली. आणि ही घेतली ती एकच बघायला, की जोरात गेलो असतो तर किती वेळात पोचलो असतो. काल सत्तावीस मिनिटांत पोचलो. म्हणजे ती जिवंत पोचली असती. हे कळून काय करायचं ते कळत नाही, तरी सकाळ झाली की पुन्हा जातो.

गाडी परत मागू नकोस. तू ये. बापावर लोभ ठेवण्यासारखं काही उरलं असेल तर ठेव.

तुझा,
अप्पा

---

लातूर,
२७ जुलै २०२४

ती. अप्पांना,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून दोन दिवस वर्गात गेले नाही. आता जे लिहिते ते वाचून तुम्ही मला घरात घेतलं नाहीत तरी चालेल.

त्या सकाळी अव्वानं मला फोन केला होता, तुमच्या नकळत. छातीत जळजळतंय, डावा हात जड झालाय असं ती म्हणाली. माझी परीक्षा होती, मी घाईत होते. मी म्हटलं ॲसिडिटी आहे. जीप काढून गावभर बोभाटा करू नको, अप्पांच्या मागं बसून जा, आणि हळू चालवायला सांग, नाहीतर खड्ड्यांनी मळमळेल. डावा हात जड होणं म्हणजे काय, हे आम्हाला पहिल्याच वर्षी पाठ करून घेतात. मी ते पाठ केलं होतं.

ते हळू माझं होतं, अप्पा. तुम्ही फक्त ऐकलंत. गाडी विकली म्हणून मी तुमच्याशी भांडले, कारण तसं भांडता तरी येत होतं.

तुमचा हिशेबही चुकीचा आहे. त्या निळ्या गाडीच्या मागं चार बोटांची सीट, तीही उंचावर. छातीत कळ असलेली अव्वा तिच्यावर बसूच शकली नसती. उद्यापासून सोलापूरला जाऊ नका, तुमच्या पाया पडते. लोभ ठेवा असं म्हणायचं तोंड मला नाही.

तुमची,
रंजनी

---

तामलवाडी,
२ ऑगस्ट २०२४

चि. रंजनीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र वाचलं आणि आधी तुझा राग आला. खोटं कशाला सांगू? दुपारपर्यंत दुकानाचं शटर ओढून आत बसून राहिलो.

मग एक आठवलं. टोलनाक्यापाशी मी तुझ्या आईला विचारलं होतं, एवढं हळू चालवायला कुणी सांगितलंय का. ती म्हणाली, कुणी न्हाय, माझंच मन म्हणतंय. त्यानंतर ती बोललीच नाही. म्हणजे तिचं शेवटचं बोलणं खोटं होतं, आणि ते तुला झाकायला होतं. छातीत कळ घेऊन तिनं ते झाकलं. ते उघडायचा अधिकार तुला नाही आणि मलाही नाही. तुझं पत्र मी चुलीत घातलं. यापुढं कुणी विचारलं तर हळू तिनंच सांगितलं होतं.

सोलापूर बंद केलं आहे. पंचमीला एसटीनं ये. मी स्टँडवर चालत येईन. तिच्या समाधीपर्यंतही आपण चालतच जाऊ, वाटेत तुला रडायचं तेवढं रड. तुझ्या आईनं तुझ्यावर जो लोभ केला तो आता मला एकट्याला पुरवायचा आहे, कमी पडला तर सांभाळून घे.

तुझा,
अप्पा