टोपीतल्या दगडाचा निकाल

मंगळवार, २७ मे. सकाळी ९
लेकीचा, मेरिंडाचा फोन. आपल्या मॉर्मन चर्चमधून नाव काढायचं पत्र लिहून तयार आहे म्हणाली, सोमवारी टाकते. पोरीने चर्चच्या सुरुवातीच्या इतिहासावरचे आरोप इंटरनेटवर वाचलेत. एकूण सात. अगं, रविवारच्या वर्गाला बावीस वर्षं हाच इतिहास शिकवतोय मी! दिवसाला दीड आरोप निकालात काढला तरी शनिवारी दुपारी मोकळा. पोर जाते कुठे.

बुधवार, २८ मे
आरोप पहिला: चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथनी आमच्या धर्मग्रंथाच्या मूळ सोन्याच्या पाट्यांचं भाषांतर टोपीत दगड ठेवून, तीत तोंड खुपसून केलं. हसूच आलं. वर्गातल्या चित्रात तर पाट्या समोर उघड्या आहेत. निकाल: निव्वळ कुचाळक्या.

बुधवार, दुपारी
बायकोने, लव्हॉनने, चर्चचंच जुनं मासिक पुढ्यात आपटलं. त्यात दगडाचा फोटो. म्हणाली, अहो, दहा वर्षं घरात पडलंय, उघडायचं तरी. निकालात किरकोळ दुरुस्ती.

गुरुवार, २९ मे
दुसरा: जोसेफना देव दिसला त्या पहिल्या दर्शनाच्या हकिकती चार, चारही वेगळ्या. त्यात काय? लव्हॉनला मागणी कशी घातली ते मीही दर वेळी वेगळं सांगतो. लव्हॉन म्हणाली, हो, पण समोर कोण आलं होतं ते तरी बदलत नाही ना. छातीत जळजळ. अभ्यास बंद.

शुक्रवार, ३० मे
तिसरा: जोसेफची अनेक लग्नं. एक नवरी चौदा वर्षांची. चर्चच्याच लेखात आहे. गॅरेज झाडलं. दोनदा.

शनिवार, ३१ मे
बिशप आला होता, आमच्या मंडळीचा बिनपगारी प्रमुख. पोरगेलाच आहे, टर्की पाळतो. म्हणाला, ब्रदर थॉर्नॉक, मीही तिथेच अडलोय, मला नाही ठाऊक. लहान वयात मोठी जबाबदारी दिली की असंच होतं. उरलेले चार आरोप उभ्या उभ्या उडवेन. उद्या उपासाचा रविवार, चर्चमध्ये माइकवर आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायला कुणीही उठू शकतं. मी उठणार. मेरिंडा येतेय, फक्त माझं ऐकायला. जीव थाऱ्यावर नाही.

रविवार, १ जून
उठलो. माइकपाशी गेलो. ती शेवटच्या बाकावर. आणि सगळे म्हणतात तेच तोंडातून निघालं: मला ठाऊक आहे, हे चर्च खरं आहे. आमेन. खाली बसलो. उपाशीपोटी डोकं चालत नाही.
बाहेर गाडीपाशी मेरिंडा म्हणाली, बाबा, मला उत्तरं नकोच होती हो. तुम्हालाही सगळं ठाऊक नाही, एवढंच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. चर्चमध्ये थांबले असते मी.
मी म्हटलं, मला ठाऊक आहे.
सवयीने निघालं. तिने गाडी सुरू केली.