बोंबल्यापुढचा नारळ

१० एप्रिल १९६०, रविवार

बाबुराव सकाळपासून चौकात फक्की मारत होते. क्रिकेटची म्हणावी तर आमच्या चाळीत बॅट एकच, आणि ती गेल्या दिवाळीत बंबात गेली. फक्की गाडीसाठी! गुणाजीच्या गाडीभोवती पांढरं कडं, कड्यावर खुंट्या, खुंट्यांना दोरी.

गाडी म्हणजे काय, तर एक म्हातारी फोर्ड. टप कापलेला, दारं कापलेली, बॉनेट काढून टाकलेलं, आणि पोटात मिलिटरीच्या लिलावातल्या लॉरीचं इंजिन. धुराचे दोन नळ दोन्ही बाजूंनी मिशांसारखे बाहेर. सुरू केली की तिसऱ्या मजल्यावरची पातेली फळीवर नाचायला लागतात. पोरांनी नाव ठेवलंय बोंबल्या. गुणाजी गिरणीत फिटर. सारा हिवाळा सुट्टीच्या दिवशी तिच्याखाली आडवा असायचा. येत्या एक तारखेला महाराष्ट्र होणार. त्या दिवशी लालबागच्या मिरवणुकीत आमच्या चाळीचा चित्ररथ बोंबल्या ओढणार.

बाबुराव लढाईच्या दिवसांत ए. आर. पी.मध्ये, म्हणजे हवाई हल्ल्याच्या पहाऱ्यावर होते. शिट्टी घेऊन गच्चीवर जपानी विमानाची वाट बघत बसायचे. विमान आलं नाही, शिट्टी तेवढी उरली. आज तिला काम मिळालं.

मी आपला इंजिन बघायला दोरीखालून आत गेलो. फुर्र! “रघुवीर, बाहेर.”

म्हटलं, “बाबुराव, मी पंचेचाळीस वर्षांचा आहे.”

“भाजायला वयाची अट नाही.”

सगळ्या पोरांसमोर बाहेर काढलं मला. पोरं हसली. लोकांना हसवायचा धंदा माझा, आणि हशा गेला त्यांच्या खात्यावर.

१२ एप्रिल

बाबुरावांचा वर्ग रोज भरतो. गुणाजी इंजिन चालवतो, बंद करतो. मग बाबुराव तांब्यातलं पाणी नळावर शिंपडतात. चर्र! पोरं खूश. “हे पाणी होतं. आता समजा, हे बोट होतं.” पोरं गप्प.

समोरच्या चाळीतली अंबिका सगळ्यांत पुढे. आनंदाची मुलगी, सात-आठ वर्षांची. आनंदा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर आहे; छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तो आणि गुणाजी एकाच पोलीस लॉरीतून गेले आणि तुरुंगातून परत आले ते दोस्त होऊन. आनंदाच्या घरच्यांनी त्याच साली बौद्ध दीक्षा घेतली. आमच्या काही मंडळींना ते अजून पचलेलं नाही, पण चळवळीत कुणी तसं बोलून दाखवत नाही. पोरांना तर तेवढंही ठाऊक नाही.

अंबिकाने विचारलं, “आजोबा, आणि थुंकलं तर?”

बाबुरावांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, “चर्र होईल. पण थुंकायचं नाही.”

शेवटी नारळाचा नियम सांगितला. चाचणीच्या दिवशी नारळ फुटणार तो इंजिन बंद असताना, आणि गाडीपुढे तर नाहीच – भिंतीशी. “खोबऱ्यामागे पोरं कशी धावतात, ठाऊक आहे ना?”

माझ्या डोक्यात तिथेच ओळी तयार व्हायला लागल्या.

१५ एप्रिल

साप्ताहिकाचं सदर लिहून दिलं. स्वतःवर खूश आहे. लिहिलंय: ज्या लालबागने छातीवर गोळ्या झेलल्या, त्या लालबागला धुराच्या नळापासून वाचवायला शिट्टीराव अवतरले आहेत. मुंबई मिळाली, बेळगाव राहिलं, आणि मध्ये शिट्टीरावांची दोरी आहे. नारळाने फुटण्याआधी अर्ज करावा.

कांताला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. हसली. मग म्हणाली, “बाबुरावांना लागेल हो.”

“नाव कुठे घातलंय त्यांचं?”

“शिट्टी घातलीय ना.”

१८ एप्रिल, सोमवार

अंक आला. चाळभर हशा. गिरणीतल्या जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचला म्हणे. संध्याकाळी पोरं बाबुरावांच्या दारावरून ओरडत गेली: शिट्टीराव, शिट्टीराव!

बाबुराव खाली आले नाहीत.

२० एप्रिल

दोरीवर कुणीतरी गोधडी वाळत घातलीय. फक्की पायाखाली पुसली. पोरं बोंबल्याच्या टायरवर बसून चिंचा खातात. गुणाजी हाकलतो, पण गुणाजीला भितं कोण?

चाळीच्या मंडळाचे चिटणीस सीताराम आले. “रघुभाऊ, रविवारी चाचणी आहे. नारळ तुमच्या हातून.”

मी नको म्हणालो. एकदाच.

२४ एप्रिल, रविवार

नारळ फुटला. पुढचं आज लिहवत नाही.

२५ एप्रिल

लिहितो.

काल चाळीपुढच्या रस्त्यावर गर्दी. बोंबल्या गेटाबाहेर काढलेला, चाकांखाली लिंबं, इंजिनाला झेंडूचा हार. इंजिन चालू. गुणाजी सीटवरून म्हणाला, “रघुभाऊ, आदी बंद करतंय. बंद झाला काय मगे फोडा.”

मी म्हटलं, “राहू दे चालू. बोंबल्यालाही कळू दे, आज त्याचं बारसं आहे.”

लोक हसले. तिथेच थांबायला हवं होतं. पण हशा आला की मला दुसरा लागतो. भिंत पाच पावलांवर होती. मी भिंतीकडे पाठ केली, गाडीच्या बरोबर पुढे जाऊन उभा राहिलो, नारळ वर धरला आणि वर बाबुरावांच्या गॅलरीकडे बघून ओरडलो: “शिट्टीरावांच्या परवानगीने!”

आणि आपटला.

मोठा तुकडा उडाला तो पुढच्या चाकाशी. पोरं पाखरांसारखी खाली बसली. अंबिका सगळ्यांत पुढे. गुणाजीला ती दिसली, तो दचकला, पाय क्लचवरून सुटला. गाडीने एकच उडी मारली – हातभर, त्याहून जास्त नाही – आणि बंद पडली.

इंजिन बंद झाल्यावर पोरीचा आवाज ऐकू आला.

उजव्या पावलाची हाडं मोडली आहेत. इस्पितळात प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणतात, पोर लहान आहे, जुळतील. बोटं पूर्वीसारखी वळतील का, ते आत्ता सांगता येत नाही.

मी काय केलं? बाजूला झालो. आनंदाने तिला उचललं, गुणाजी टॅक्सी बघायला धावला. मी हातावरचं नारळाचं पाणी धोतराला पुसलं.

२६ एप्रिल

सीतारामच्या खोलीत बैठक. आनंदाला बोलावलं होतं. तो दाराशीच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

सीताराम म्हणाला, “आनंदा, हवालदार चौकशीला येणार. भानगड झाली तर मिरवणुकीची परवानगी जाईल. एवढी माणसं मेली या महाराष्ट्रासाठी. गुणाजीचं लायसनही जाईल. तू काय म्हणतोस?”

मागून कुणीतरी पुटपुटलं, “तिकडची पोर इकडे आलीच कशाला?”

हे आनंदाने ऐकलं. मीही ऐकलं. एरवी माझी जीभ म्हाताऱ्यांच्या शिट्ट्यांवर सुद्धा चालते. काल काय झालं होतं तिला?

आनंदा म्हणाला, “मिरवणूक माझी पण आहे. थांबायला नको. गुणाजीवर पण काही नको. पोर आपणहून धावली, असं सांगतो.”

“झालंच तर मग! रघुभाऊ, तुम्ही तर तिथेच होता. पोर आपणहून धावली, बरोबर ना?”

मी म्हटलं, “बरोबर.”

वर वाचलं तर ‘काल’ लिहिलंय. आजचीच गोष्ट. स्वतःपासून एक दिवस लांब सरकलो, तेवढंच.

२७ एप्रिल

हवालदार येऊन गेला. सगळे एकच बोलले. त्याने पानाचा विडा घेतला.

मोसंबी घेऊन सीताराम आनंदाकडे गेला होता. मोसंबी परत आली. आता मंडळाच्या खोलीत आहेत, कुणी खात नाही.

गुणाजी गाडीपाशी नुसता बसलेला. मी जवळ गेलो. म्हणालो, “गुणाजी, तू बंद करतो म्हणाला होतास.”

“म्हटलंय खरा. पण पाय कोणाचो सुटलो? माजो.” वर न बघता म्हणाला, “तुमी नारळ फोडलात. नारळान पाय मोडणत नाय, रघुभाऊ.”

त्याला खरंच तसं वाटतं. मला सोडवायला नव्हे. मला सोडवतोय हे त्याच्या मनातही नाही. मी तिथून सुटलेल्या माणसासारखा निघालो – आणि सुटल्यासारखं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

२८ एप्रिल

बाबुरावांकडे गेलो. चार दिवस जिना चढायचा धीर होत नव्हता. दार त्यांनीच उघडलं. बसा म्हणाले नाहीत.

मी माफीचे शब्द जुळवून नेले होते. त्यांनी हात वर केला.

“राहू द्या. तुम्ही चांगलं बोलता, मला ठाऊक आहे.”

मग गॅलरीतून खाली बघत म्हणाले,

“मी इथेच उभा होतो रविवारी. तुम्ही भिंतीकडे पाठ केलीत तेव्हाच मला कळलं. शिट्टी तोंडात होती.”

ते तसेच खाली बघत पुढे म्हणाले,

“वाजवली नाही. म्हटलं, पुन्हा हसतील.” आणि माझ्याकडे वळून, “सत्तर वर्षांचा माणूस, रघुवीर. हसण्याला भ्यालो. आणि खाली पोर.”

त्यांनी दार लावून घेतलं. मी त्यांची माफी मागायला गेलो होतो, आणि आणखी एक ओझं त्यांच्याच खांद्यावर आहे ते बघून आलो. शिट्टी मी एका लेखात बंद पाडली. माझ्या लिखाणाचा परिणाम होत नाही, अशी माझी जुनी तक्रार होती.

२९ एप्रिल

ठरवलं होतं, आज सगळ्यांसमोर सांगायचं. मिरवणुकीच्या शेवटच्या तयारीला सगळी चाळ चौकात जमली होती. चित्ररथ आता माणसं ओढणार. समोरच्या चाळीतलेही आले होते, आनंदा नव्हता.

उभा राहिलो. “मंडळी, अपघात गुणाजीकडून झाला नाही. पोरीकडूनही नाही. माझ्याकडून झाला. गाडीचा क्लच गुणाजीच्या पायाखाली होता, पण माझ्या जिभेला तर क्लचच नाही.”

हशा.

खरंच हसले लोक. सीताराम म्हणाला, “वा, रघुभाऊ! हे छापा.” कुणीतरी टाळी वाजवली. मी पुढचं बोलायला तोंड उघडलं तर सगळ्यांचे चेहरे तयार – आता आणखी काय गंमत येणार म्हणून. मी खाली बसलो.

वाक्य मी रात्री पडल्या पडल्या घडवलं होतं. चार वेळा फिरवून बघितलं होतं, कुठे थांबलं की जास्त लागेल ते. कबुलीजबाबालासुद्धा ताल धरला. आणि हशा आला तेव्हा पहिल्या क्षणी – देवा – बरं वाटलं.

घरी कांताला सांगितलं. ती म्हणाली, “तुम्हाला साधं बोलताच येत नाही का हो?”

मी म्हटलं, “साधं बोललो तर ऐकेल कोण?”

“बघा. परत.”

मग पदराने कपाळ पुसून म्हणाली, “चाळीला काय सांगत बसलाय? पाय चाळीचा मोडलाय का?”

३० एप्रिल

गेलो नाही. समोरच्या चाळीच्या गेटापर्यंत गेलो. आतून ढोल ऐकू येत होते, लेझमीची तालीम चालली होती. वळलो, हिंदमाता टॉकीजपर्यंत चालत गेलो, पताकांची दुकानं बघत. कांताला सांगितलं, कुणी घरात नव्हतं.

१ मे, रविवार

महाराष्ट्र झाला. सगळी मुंबई रस्त्यावर. मी गॅलरीत. चित्ररथ गेला, मागून गुणाजी ढकलत होता. समोरच्या पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून अंबिका एका पायावर उभी होती आणि खालच्यांना हात करत होती. मलाही केला.

२ मे

आज वर चढलो. अंबिका दारात बसलेली, प्लास्टरवर कोळशाने फुलं काढलेली. आत आनंदा स्टोव्हवर चहा करत होता. स्टोव्हच्या आवाजात त्याला मी आलेलं कळलं नसावं.

मला बघून तिने पाय आत ओढला. मग म्हणाली, “काका, मी तुमचा नारळ बाटवला ना?”

मी उंबऱ्याशी बसलो. म्हटलं, “तू काही केलं नाहीस. बाबुराव आजोबांनी नको म्हटलं होतं, गुणाजीनेही थांबा म्हटलं होतं. तरी मी चालू गाडीपुढे नारळ फोडला. लोकांनी हसावं म्हणून. तुझा पाय माझ्यामुळे मोडला.”

आतला स्टोव्ह बंद झाला.

ती हसली नाही.

“मग बाबांनी मला का मारलं?”