तळाशी चालते, काठावर चालत नाही

प्रति,
मेहेरबान मंडल महसूल अधिकारी साहेब,
मंडल कचेरी, जिल्हा आदिलाबाद

विषय : परमुलखातून आलेल्या कुटुंबांना गावच्या रीती शिकवण्याच्या बिनपगारी सेवेत बदल करण्याबाबत.
संदर्भ : नव्या विहिरीच्या पूजनास आपण केलेले एकोप्याचे भाषण.

महोदय,

अर्जदार जयवंताबाई, निवृत्त शिक्षिका, राहणार बौद्ध वस्ती, मौजे हिवरखेडी, सविनय कळवते की,

१) तेलुगू मुलखातल्या पालमूरकडून विहीर खोदायला आलेली वड्डर कुटुंबे गावाच्या शिवेवरच राहिली. त्यांना गावात मिसळता यावे म्हणून आपण स्वयंसेवक मागितले, तेव्हा हात एकट्या अर्जदाराचा वर झाला. तिने त्यांच्या बायकांना मराठी शिकवली, मुलांना शाळेत बसवले. त्यांच्यातला सायन्ना मिस्त्री तर आता असा ‘राम राम’ घालतो की पाटलालाही ओ द्यावी लागते.

२) झरा फुटला तेव्हा रीतीप्रमाणे पहिली ओंजळ सायन्ना तळाशी उभा राहून प्यायला. वर आल्यावर सरपंचांनी त्याला टॉवेल-नारळ दिला. टाळ्या आपणही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्याची बायको पोशव्वा घागर घेऊन आली, तर गावकऱ्यांनी तिला काठावरून हाकलून दिले. गरज सरो नि वैद्य मरो!

३) अर्जदार जाब विचारायला गेली. सरपंच म्हणाले, “बाई, तुमी काऊन मधात पडून राह्यल्या? खाली होता तवर काम होतं. वर आला का रीत लागते.” म्हणजे त्याच हाताने पाणी तळाशी बाटत नाही, काठावर बाटते. तसे असल्यास पोशव्वाने रोज दोराने तळाशी उतरून पिऊन यावे, असा लेखी हुकूम तरी व्हावा. सध्या तिची लेकरे नाल्याचे पाणी पितात. धाकटीला हगवण लागली आहे.

४) खरे दुःख पुढेच आहे. अर्जदाराच्या वस्तीतले लोक गप्प बसले. वस्तीतल्याच म्हाताऱ्या रेणुकाबाईच्या ओंजळीत तरुणपणी याच गावाने वरून पाणी ओतले. तीच म्हणाली, “आत्ता कुठं आपली घागर काठावर टेकली, बाई. त्या पोशव्वापायी आपली बी जाईन.” अर्जदारास तिचा राग आला नाही. लाज वाटली, आणि ती अजून जात नाही.

५) सबब विनंती, की वड्डर कुटुंबे शिकायचे ते सर्व शिकली. अर्जदाराची सेवा यापुढे गावाला शिकवण्यासाठी लावावी, आणि पहिला धडा कचेरीपासून घेण्यास परवानगी असावी. साहित्य सोबत जोडले आहे.

अद्याप आपली नम्र,
जयवंताबाई
दि. ३ मे १९८९

सोबत : नव्या विहिरीचे पाणी, बाटली एक. अर्जदाराने शेंदले, पोशव्वाने आपल्या तांब्याने भरले. शेरा मारण्यापूर्वी साहेबांनी प्यावे.