पगडी आणि पळी

तीर्थरूप आईस (ती दीर्घ, रू दीर्घ, दोन्हींवर बोट ठेवून पाहिलं) धाकट्याचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक. तुझा गुडघा कसा आहे, ताईकडचा जिना जमतो का आणि (ऱ्हस्व) जेवण जातं का, ते कळव. पाकिटावर तुझं नाव घालताना सवयीने 'सौ.' लिहायला हात गेला आणि तिथेच थांबला. मग 'श्रीमती' लिहिलं. त्यात दोन दीर्घ वेलांट्या आहेत, त्या शब्दाबद्दल मला एवढंच सांगता येईल. ताई विचारते की सरळ फोन का करत नाहीस. तिला नियम सांग. फोनवर ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येत नाही म्हणून मुलाने आईला पत्रच लिहावं, हे तू मी नोकरीला लागलो तेव्हा ठरवलंस. तेव्हापासून माझं प्रत्येक पत्र लाल पेन्सिलीने रंगून, खाली दहापैकी गुण घेऊन परत येत आलं आहे. (सर्वांत जास्त सात मिळाले होते. त्या पत्रात मी फक्त पैसे मिळाल्याचं कळवलं होतं.)

तर मुद्दा पाटीचा आहे. बाबांच्या हातचं जेवलेली वसतिगृहातली जुनी मुलं (आता मुलं कसली, त्यांतले दोघे आमच्या दुकानात जवळचा चष्मा करून घेतात) मला भेटायला आली. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, बाबा दुपारी भांडी निथळत ठेवून जिथे पाय सोडून बसायचे, तिथे त्यांना एक बाक ठेवायचा आहे. बाकाच्या पाठीला पितळी पाटी. पाटीवर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, म्हणाले. मी म्हणालो, मी ठरवतो. हे मी का म्हणालो मला माहीत नाही. तू न तपासलेलं एकही वाक्य मी आजवर चारचौघांत नेलेलं नाही. लग्नाआधी हिला लिहिलेलं पहिलं पत्रसुद्धा तू पाहिलं होतंस, आणि तिने ते तुझ्या लाल खुणांसकट जपून ठेवलं आहे. म्हणते, मजकूर असा तसाच होता, पण घर चांगलं वाटलं.

रोज दुकान बंद झाल्यावर मी काउंटरवर कागद घेऊन बसायचो. 'स्मृतिप्रीत्यर्थ' लिहिलं. स्मृतीची ती दीर्घ, पण समासात गेली की ऱ्हस्व, हे मला पाठ आहे. पण 'प्री' दीर्घ असूनही त्या ऱ्हस्व 'ति'च्या शेजारी कशी काय टिकते या विचाराने घाम फुटला, म्हणून तो शब्दच काढून टाकला. 'आशीर्वाद' घालून पाहिला. त्यातला रफार शीवर द्यायचा की वावर, यात एक संध्याकाळ गेली. शेवटी भीतभीत, अवघड जोडाक्षरं चुकवत, खड्डे टाळून चालावं तसं एक वाक्य तयार केलं: 'आमच्या आचाऱ्यांच्या स्मृतीस.' तीन शब्द. मुलांना आवडलं. बाबांना मेसवाले म्हणा, महाराज म्हणा, ते ओ देत. पण कुणी विचारलं की काय करता, तर सांगत, मी आचारी. आणि त्या शब्दात अडचणीची म्हणावी अशी एकच जागा होती, जी मला झोपेतही चुकणार नाही अशी माझी समजूत होती.

तुला आठवत असेल. (नसेल आठवत असं होणार नाही, तरी लिहितो.) संध्याकाळी बाबा घरी आले की पुन्हा आपल्याच चुलीशी उभे राहायचे, कारण तुझी भाजी आम्हा दोघा भावंडांच्या आणि तुझ्याही घशाखाली उतरत नव्हती. तू ओट्याच्या कडेला टेकून आम्हाला श्रुतलेखन घालायचीस. 'आणि'ची णि दीर्घ लिहिली म्हणून मला ओट्याखाली बसायची शिक्षा होती, तेव्हा बाबा पातेल्यातून वर न बघता म्हणाले होते, "बाई, 'आणि' म्हणजे अजून काहीतरी वाढायचंय. मग हात आखडता का घेता?" (ते तुला घरातही बाईच म्हणायचे. मी उलटा, वर्गात तुला आई म्हणायचो, आणि तू माझ्या पाटीवर लिहायचीस, 'ब राहिला.') त्याच ओट्यापाशी तू ती जोडी शिकवलीस. आचार्य म्हणजे शिकवणारे, त्यांचं होतं आचार्यांना, रफार यच्या डोक्यावर. आचारी म्हणजे रांधणारे, त्यांचं होतं आचाऱ्यांना, र यच्या अलीकडे आडवा. ताई रडायला लागली की दोन्ही सारखेच दिसतात, तेव्हा तू स्वतःकडे बोट दाखवून म्हणालीस, "आचार्यांच्या डोक्यावर पगडी," आणि बाबांकडे बोट दाखवून, "आचाऱ्यांच्या हातात पळी." बाबांनी लगेच पळी आडवी धरून दाखवली. त्यातून सांडलेल्या रश्शाचा डाग माझ्या वहीवर वर्षभर होता. पण माझं आयुष्यात ते अक्षर चुकलं नाही.

काल पाटी आणायला गेलो. पाटीवाल्याचं दुकान म्हणजे लांबट खोली, भिंतीवर डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या नमुन्याच्या पाट्या, मागे संगणक आणि कोरायचं यंत्र. त्याने कापडातून पाटी काढली, फुंकर मारली आणि माझ्यापुढे धरली. आमच्या आचार्यांच्या स्मृतीस. पगडी. बाबांना पगडी! मी रफारावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "काय झालं साहेब? र आहे, य आहे, अजून काय पाहिजे?" मी म्हणालो, "र वर गेलाय." तो म्हणाला, "वरच असतो की. तुमच्या सरांना काही कमीपणा नाही ना त्यात?" मी म्हणालो, ते माझे वडील. तो बिचारा ओशाळला (ओशाळला, श पोटफोड्या नाही), मला खुर्ची दिली आणि संगणकावर खटाटोप करू लागला. त्याच्याकडच्या कोरीव अक्षरांच्या संचात आपला आडवा र नाहीच. बटण दाबलं की यंत्र कधी पगडी घालतं, कधी पाय मोडून सोडून देतं. तिथून बाहेर पडल्यापासून मला सगळीकडे तेच दिसतंय. दुसऱ्या, बिचाऱ्या, म्हाताऱ्या, झाऱ्या. रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवर कुणीतरी पळी धरून उभा आहे, आणि बाबांच्याच पाटीवर नाही.

काकांना विचारलं. ते म्हणाले, "राहू दे रे. दादा आयुष्यभर वहिनीच्या हाताखाली होता, आता एक दिवस तिच्या खुर्चीत बसला तर बिघडलं कुठे?" वसतिगृहाचे अधीक्षक म्हणाले, उलट मान वाढला, लोक विचारतील कोण आचार्य. मला तीच तर भीती आहे. लोक विचारतील कोणत्या विषयाचे, आणि मी काय सांगू, फोडणीचे? दोघांचंही मन चांगलं आहे, म्हणून मी वाद घातला नाही. पण बाबांना जे कधी व्हायचं नव्हतं ते आपण त्यांना पितळेत करून ठेवायचं, आणि जे ते होते ते पुसायचं, हे मला पटेना. त्यांना आचारी असण्याची लाज नव्हती. आपल्याला आहे असं त्या बाकावर बसणाऱ्याला वाटेल.

पाटीवाला माणूस भला निघाला. म्हणाला, पाटी उलटी करून मागच्या बाजूला पुन्हा कोरतो, पण ते एक अक्षर यंत्राला जमणार नाही, हाताने कोरावं लागेल. कुणीतरी कागदावर नीट काढून द्या, त्यावरून उतरवतो. मी तिथेच काढलं. ते गांडुळासारखं आलं. घरी येऊन हिला सांगितलं, तिचं मिशीसारखं झालं. काकांनी काढलेलं पाहून अधीक्षक म्हणाले, हा स्वल्पविराम आहे का. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणाऱ्या माणसाला एक अक्षर काढता येऊ नये! गिऱ्हाईक समोर बसलं असताना चष्म्याच्या नंबरांच्या कागदावर मी पळ्या काढतोय. आज एका बाईंनी विचारलं, हा नंबर उणे आहे का.

बाकी ठीक. ताईला आणि भावजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. पाटीचं एवढं लांबण लावलं, पण मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. मागचं पत्र मी घाईत लिहिलं होतं. 'तिर्थरुप'पासून सुरुवात होती, मधे 'दुरूस्ती' होती. (आठवतं ना, आमच्या दुकानाच्या फळ्यावर 'चष्मा दुरूस्ती' पाहून तू मालकाने रू खरवडेपर्यंत उन्हात उभी राहिली होतीस. आणि 'येथे डोळे तपासून मिळतील' वाचून त्यांना विचारलं होतंस, आधी काढून घेता का?) तर ते पत्र तू परत पाठवलंस. खाली लिहिलंस, 'पोचलं.' पान कोरं. एकही लाल खूण नाही, गुण नाहीत. मी पान उलटून पाहिलं, दिव्यासमोर धरून पाहिलं. मला आयुष्यात इतकी भीती शून्य मिळाल्यावरही वाटली नव्हती. ताई म्हणते, तू वर्तमानपत्रही नुसतं वाचतेस आणि घडी घालून ठेवतेस.

पुन्हा ता. क. तुझ्या आणि बाबांच्या पहिल्या भेटीची गोष्ट मला कालपासून सारखी आठवतेय. तू नवीन मास्तरीण, वसतिगृहाच्या फळ्यावर 'वसतीगृह' लिहिलेलं पाहून भांडायला आत गेलीस, आणि आत अधीक्षकांऐवजी नुसते बाबा. ते स्टूल घेऊन बाहेर आले, झाऱ्याच्या टोकाने दीर्घ वेलांटी खरवडली आणि कोळशाने ऱ्हस्व काढली, तीही भलत्याच बाजूला. तू खालून ओरडलीस, "चुकली!" बाबा स्टुलावरून उतरले आणि कोळसा तुझ्यापुढे धरून म्हणाले, "मग बाई, तुम्हीच काढून द्या."

शेवटचा ता. क. बाक रविवारी ठेवायचा आहे. तू येणार नाही म्हणालीस असं ताईने कळवलं, आणि मी आग्रह करणार नाही. पण पाटीवाल्याला ते अक्षर शनिवारी दुपारपर्यंत हवं, आणि ताईकडून टाकलेलं टपाल इकडे सोमवारच्या आत कधी पोचत नाही, हे तुला माहीत आहे. तेव्हा ते हातीच आणावं लागेल. हे पत्र मी तपासलेलं नाही, चुका असतील, त्याही येताना घेऊन ये. प्रश्न खाली देतो.

गाळलेली जागा भरा :

आमच्या आचा..........च्या स्मृतीस.

(गुण १. लाल पेन्सिल स्वतःची आणावी.)